सुपरची तारीख

ऑक्टोबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात महाराष्ट्रातल्या सरकारी रुग्णालयांतले मृत्यू अचानक मोजले जाऊ लागले. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांतली १२ नवजात बालके होती. पाठोपाठ छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातून तशीच बातमी आली. मग नागपूरची पाळी. ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ ही तिथली दोन मोठी सरकारी रुग्णालये. मेडिकलमध्ये १६ आणि मेयोत ९, असे एका दिवसात २५ मृत्यू. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, मंत्र्यांचे दौरे झाले, औषधांच्या तुटवड्यावर चर्चा झडली.

नागपूरच्या रुग्णालय प्रशासनाने तेव्हा दिलेले स्पष्टीकरण थोडक्यात असे होते. मेडिकलची क्षमता सुमारे १,९०० खाटांची. तिथे रोज सरासरी १० ते १२ रुग्ण दगावतातच. मेयोत हा आकडा सहाच्या घरात. दगावलेल्यांपैकी बरेच रुग्ण अगदी शेवटच्या घटकेला, गंभीर अवस्थेत आलेले होते. अनेकांनी त्याआधी दुसरीकडे उपचार घेतले होते.

ऐकणाऱ्याला यात पळवाट दिसते, आणि काही अंशी ती असेलही. पण त्यातला शब्दशः अर्थ घेतला तर ती एक गंभीर कबुली ठरते. विदर्भातला आजारी माणूस तज्ज्ञापर्यंत पोहोचतो तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो, हे खुद्द व्यवस्थाच सांगते आहे. मग पहिल्या तक्रारीपासून त्या शेवटच्या घटकेपर्यंतच्या आठवड्यांत हा माणूस कुठे होता? या प्रकरणाचा विषय तेच आठवडे आहेत.

राजधानी गेली, रुग्ण राहिले

नागपूरकडे तज्ज्ञांची रुग्णालये कमी नाहीत. उलट मध्य भारतात एवढी गर्दी दुसऱ्या शहरात क्वचितच असेल. सर्वांत जुने मेयो. १८६९ ते १८७२ या काळात व्हाइसरॉय असलेल्या लॉर्ड मेयोचे नाव त्याला मिळाले. पुढे त्याला इंदिरा गांधींच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडले गेले, पण रिक्षावाल्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे आजही मेयोच म्हणतात. दुसरे मेडिकल, म्हणजे १९४७ साली सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्याच्या भव्य इमारतीचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी केले. मेडिकलच्या अखत्यारीतच सुपर स्पेशालिटी रुग्णालय येते. हृदय, मेंदू, मूत्रपिंड आणि पोटाच्या गुंतागुंतीच्या आजारांसाठीचे हे ‘सुपर’. २०१६ पासून तिथे मूत्रपिंड प्रत्यारोपणही होते. स्त्रिया आणि बाळंतिणींसाठी डागा आहे. कर्करोगासाठी तुकडोजी महाराजांच्या नावाचे प्रादेशिक रुग्णालय आहे. महाराज स्वतः १९६८ मध्ये कर्करोगानेच गेले. आणि शहराच्या मिहान भागात एम्स आहे. तिथला बाह्यरुग्ण विभाग २०१९ मध्ये सुरू झाला आणि ११ डिसेंबर २०२२ रोजी पंतप्रधानांनी ते राष्ट्राला अर्पण केले. खर्च १,५७५ कोटींहून अधिक.

एवढे सगळे एकाच शहरात का, याचे उत्तर जुन्या नकाशात सापडते. मेडिकल उभे राहिले तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती. आजचे छत्तीसगड, जबलपूरचा मुलूख, छिंदवाडा, सिवनी, बालाघाट हे सगळे या प्रांताचे भाग. जबलपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९५५चे, रायपूरचे १९६३चे. तोवर मोठ्या आजाराचा रस्ता नागपूरलाच जायचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, राजधानीचा मान गेला, सरहद्द आखली गेली. रुग्णांनी मात्र ती सरहद्द कधीच मानली नाही.

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये हे फार क्रूरपणे दिसून आले. मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात, परासिया भागातल्या लहान मुलांची मूत्रपिंडे एकामागून एक निकामी होऊ लागली. आईबापांनी त्यांना घेऊन गाठले ते नागपूर, कारण लहान मुलाचे डायलिसिस करणारी जवळची जागा तीच होती. नागपुरात झालेल्या तपासण्यांतून विषबाधेचा संशय बळावला. ‘कोल्ड्रिफ’ या खोकल्याच्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रव्य ४८.६ टक्के निघाले. वीसहून अधिक मुले दगावली. या घटनेत औषध कंपनीचा आणि औषध नियंत्रणाचा दोष उघड आहेच. आपल्या विषयापुरता धडा एवढाच की ताप-खोकल्याचे मूल आणि मूत्रपिंडतज्ज्ञ यांच्यामध्ये एक संपूर्ण जिल्हा आणि एक राज्याची सीमा पसरलेली होती.

मधल्या पायऱ्या

असे होऊ नये याचा आराखडा आपल्याकडे स्वातंत्र्याआधीच तयार होता. नाशिकला जन्मलेले सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्यात आरोग्यसेवेच्या तीन पायऱ्या होत्या. तळाशी दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे प्राथमिक केंद्र, मध्ये ६५० खाटांचे दुय्यम रुग्णालय आणि जिल्ह्याच्या ठिकाणी २,५०० खाटांचे मोठे रुग्णालय. भोर समितीच्या मनात एक साधी गोष्ट होती. तज्ज्ञ वरच्या पायरीवर बसेल, पण त्याच्याकडे कोणी जायचे, कधी जायचे आणि परत कुठे यायचे हे खालच्या पायऱ्या ठरवतील.

प्रत्यक्षात आपण तळ बांधला तो फार बारीक आणि शिखर बांधले ते मोठे. आज प्राथमिक आरोग्य केंद्रामागे सपाट भागात ३० हजार आणि आदिवासी भागात २० हजार लोकसंख्या धरली जाते, आणि तिथल्या खाटा बोटांवर मोजता येतात. मधल्या पायरीवर, म्हणजे ग्रामीण रुग्णालयांच्या पातळीवर, शल्यचिकित्सक, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि फिजिशियन असे चार तज्ज्ञ असावेत अशी अपेक्षा आहे. केंद्र सरकारच्या २०२१-२२च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशभरात या पातळीवर गरजेच्या तुलनेत ७९.५ टक्के तज्ज्ञ कमी होते. पाच खुर्च्या मांडल्या तर त्यांतल्या चार रिकाम्या.

खुद्द नागपूर जिल्ह्याची गंमत आणखी वेगळी आहे. वैद्यकीय महाविद्यालय असल्यामुळे इथे स्वतंत्र जिल्हा सामान्य रुग्णालय फार काळ नव्हतेच, आणि मानकापूरला मंजूर झालेल्या इमारतीचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यामुळे हर्निया, मूळव्याध, साधे अस्थिभंग, वाढलेली साखर, जे जिल्हा रुग्णालयाने पाहायचे तेही मेडिकल आणि मेयोच्याच दारात येते. शिखरावर बसलेल्या तज्ज्ञाचा सकाळचा वेळ मधल्या पायरीच्या कामात जातो.

त्यात या रुग्णालयांचे मालक वेगवेगळे. मेडिकल, मेयो आणि सुपर वैद्यकीय शिक्षण विभागाकडे. डागा आणि तालुक्यांतली रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. एम्स केंद्राचे. शहरातले दवाखाने महापालिकेचे. कामगार विमा रुग्णालय आणखी वेगळे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याने सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत केले, तेव्हा हा निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या संस्थांपुरता होता. त्यामुळे तालुक्यात ज्या तपासणीला पैसे लागत नाहीत, तिच्यासाठी मेडिकलच्या खिडकीवर शुल्क भरावे लागते. रुग्णाच्या लेखी दोन्ही ‘सरकारी’च, पण एका सरकारचा कागद दुसऱ्या सरकारच्या टेबलावर ओळखीचा नसतो.

एका झडपेचा प्रवास

हे सगळे एकत्र कसे काम करते ते पाहण्यासाठी एक उदाहरण घेऊ. उदाहरण कल्पित आहे, पण त्यातली प्रत्येक पायरी खरी आहे.

समजा, गडचिरोलीच्या कुरखेडा तालुक्यातली पस्तिशीची एक शेतमजूर बाई आहे. रोवण्याच्या दिवसांत चिखलात वाकून काम करताना तिला धाप लागते. आधी ती अशक्तपणा म्हणून सोडून देते. मग रात्री आडवे पडले की श्वास कोंडतो. आशाताई तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेतात. छातीला नळी लावणाऱ्या डॉक्टरला हृदयाच्या ठोक्यांमध्ये एक घरघर ऐकू येते. हा संधिवाती हृदयरोग असू शकतो. लहानपणी घसा दुखण्याच्या साध्या संसर्गानंतर शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच हृदयाच्या झडपांवर उलटते, झडप हळूहळू जाड होते, आकसते आणि वीस-वीस वर्षांनी धाप बनून समोर येते. श्रीमंत देशांतून हा आजार जवळजवळ संपला. आपल्याकडे तो दाटीवाटीच्या घरांत आणि वेळेवर न मिळालेल्या पेनिसिलिनमध्ये टिकून आहे.

आता चिठ्ठी सुरू होते. केंद्रातून ग्रामीण रुग्णालय, तिथून जिल्हा रुग्णालय. झडप किती आकसली हे इकोशिवाय कळत नाही. ज्या दिवशी यंत्र आणि ते वाचणारा डॉक्टर दोन्ही हजर असतील तो दिवस गाठावा लागतो. मग शेवटचे वाक्य येते, “मेडिकलले न्या.” वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड असा रस्ता. पूर्वी नागभीडहून नागपूरला नॅरोगेज गाडी होती. गरिबाच्या खिशाला परवडणारी ती वाट रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली आणि एसटी किंवा भाड्याची गाडी एवढाच पर्याय उरला.

मेडिकलमध्ये सकाळी केसपेपरची रांग. मेडिसिन विभागाची अनेक युनिटे असतात आणि प्रत्येक युनिटचे ओपीडीचे वार ठरलेले असतात. पहिल्यांदा ज्या वारी दाखवले त्याच युनिटकडे पुढेही यायचे. चुकीच्या दिवशी आलात तर निवासी डॉक्टर तपासून औषध देईल, पण निर्णय ‘तुमच्या युनिटला दाखवा’ असाच होणार. तिथून सुपरला पाठवणी. सुपरमध्ये हृदयरोग विभागाच्या ओपीडीचा दिवस, मग इकोची तारीख, मग रिपोर्ट घेऊन परत ओपीडी, मग रक्ताच्या तपासण्या, मग योजनेची कागदपत्रे, मग दाखल होण्याची तारीख.

उपचार आहे आणि तो चांगला आहे. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन आकसलेली झडप उघडण्याची पद्धत जपानच्या कान्जी इनोऊए यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला शोधली. त्यात छाती उघडावी लागत नाही आणि काही दिवसांत रुग्ण घरी जातो. सरकारी कॅथलॅबमध्ये हे होऊ शकते. अडचण उपचाराच्या अर्ध्या-पाऊण तासाची नाहीच. अडचण त्याच्या आधीच्या सगळ्या तारखांची आहे. प्रत्येक तारखेमागे दोन माणसांची मजुरी, प्रवास, शहरातली एक रात्र. नातेवाईक मेडिकलच्या व्हरांड्यात चादर अंथरतात आणि आवारात दहा रुपयांत मिळणाऱ्या थाळीवर दिवस काढतात. दोन-तीन तारखांनंतर रोवणा संपतो, कापणी येते आणि एक तारीख चुकते. चुकलेली तारीख म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी. पुढच्या वेळी ही बाई नागपूरला येते ती फुफ्फुसांत पाणी भरलेल्या अवस्थेत, कॅज्युअल्टीत. शेवटच्या घटकेला आलेला रुग्ण पुष्कळदा असा तयार होतो.

परतीची चिठ्ठी

गोष्ट उपचारानंतर आणखी गुंतागुंतीची होते. फुग्याने काम भागले नाही आणि कृत्रिम झडप बसवावी लागली, तर धातूच्या झडपेवर रक्त गोठू नये म्हणून रुग्णाला आयुष्यभर वॉरफेरीन घ्यावे लागते. त्याची मात्रा कमी पडली तर झडप अडकते, जास्त झाली तर रक्तस्राव होतो. म्हणून ‘आयएनआर’ नावाची रक्ततपासणी नियमित करून गोळी कमी-जास्त करावी लागते. हे काम हृदयशल्यविशारदाचे नाही. तपासणीची सोय आणि एक साधा तक्ता असेल तर तालुक्याचा डॉक्टर ते करू शकतो. तशी सोय नसल्यामुळे रुग्ण एका गोळीची मात्रा विचारायला पुन्हा सुपरला येतो.

मिरगी, थायरॉइड, मूत्रपिंडाचा जुना आजार, सिकलसेल या सगळ्यांत हेच होते. सिकलसेलचे उदाहरण विदर्भाला जवळचे आहे. मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद नागपूरचे डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये केली. साठ-पासष्ट वर्षांत निदान गावापर्यंत गेले, हायड्रॉक्सियुरिया हे औषध आले. तरी तीव्र वेदनांचा झटका आला की गावातून पहिला विचार येतो तो नागपूरचाच. तज्ज्ञाकडे जाणारी चिठ्ठी आपण शिकलो. तज्ज्ञाकडून परत खाली येणारी चिठ्ठी, म्हणजे ‘निदान असे आहे, औषध असे द्या, अमुक झाले तरच आमच्याकडे पाठवा’ असे खालच्या डॉक्टरला सांगणारा कागद, तो मात्र रुळला नाही. परिणामी सुपरच्या बाकावर बसलेल्यांत नवे रुग्ण थोडे आणि जुनेच पुन्हा पुन्हा आलेले बरेच.

रांगेचे गणित

रांग का वाढते याचे गणित १९०९ मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नेर एर्लांग यांनी मांडायला घेतले. एक्स्चेंजमध्ये किती तारा ठेवल्या तर लोकांना किती वाट पाहावी लागेल, हा त्यांचा प्रश्न होता. त्यातून उभ्या राहिलेल्या शास्त्राचा एक निष्कर्ष प्रत्येक रुग्णालयाच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे.

एक डॉक्टर आहे, रुग्ण अनियमित वेळी येतात, प्रत्येकाला सरासरी दहा मिनिटे लागतात असे धरा. डॉक्टरच्या वेळेपैकी ८० टक्के वेळ भरलेला असेल तर रुग्णाला सरासरी ४० मिनिटे थांबावे लागते. ९० टक्के भरला तर ९० मिनिटे. ९५ टक्के भरला तर १९० मिनिटे. म्हणजे ८० वरून ९५ वर जाताना रुग्ण पाचव्या हिश्शाहूनही कमी वाढले, पण प्रतीक्षा जवळजवळ पाचपट झाली. आणि भार शंभर टक्क्यांना टेकला की रांगेला शेवटच उरत नाही. ती रोज थोडी वाढतच जाते.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, तज्ज्ञाचा क्षणही रिकामा जाऊ नये हा हिशेबी आग्रहच रांग लांबवतो. थोडी मोकळीक ठेवणे ही चैन नाही. दुसरी अधिक कामाची. रांग आटोक्यात आणायला रुग्णांची संख्या निम्मी करावी लागत नाही. शंभरातले दहा-पंधरा रुग्ण, ज्यांना त्या दिवशी तिथे यायची गरजच नव्हती, तेवढे खालच्या पायरीवर सांभाळले गेले तरी उरलेल्यांची प्रतीक्षा फार मोठ्या प्रमाणात घटते. आयएनआरसाठी आलेली बाई आणि साखरेची गोळी बदलून घ्यायला आलेले आजोबा हेच ते दहा-पंधरा.

योजना कुठून सुरू होते

पैशाच्या बाबतीत महाराष्ट्राने मोठे पाऊल उचलले आहे. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना जुलै २०१२ मध्ये गडचिरोलीसह आठ जिल्ह्यांत सुरू झाली, आणि राज्यभर तिचा विस्तार नोव्हेंबर २०१३ मध्ये नागपुरातूनच जाहीर झाला. ९७१ उपचार, कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे संरक्षण, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पुढे ती केंद्राच्या आयुष्मान योजनेला जोडली गेली, आणि २०२३ मध्ये पाच लाखांचे संरक्षण राज्यातल्या सर्व कुटुंबांना देण्याचा निर्णय झाला. फुगा, झडप, अँजिओप्लास्टी, केमोथेरपी हे मजुराच्या आवाक्यात आले ते या योजनेमुळे. ही लहान गोष्ट नव्हे.

पण ही योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांचे पैसे देते. आजाराला नाव मिळाले, ते नाव यादीत सापडले, योजनेच्या आरोग्यमित्राने कागद चढवले आणि मंजुरी आली की पुढचा रस्ता बराच गुळगुळीत. त्याआधीचे सगळे, म्हणजे खाजगी दवाखान्यातले पहिले दोन महिने, बाहेरून केलेले इको, एमआरआयचा नंबर लवकर लागत नाही म्हणून बाहेर काढलेला फोटो, गाडीभाडे, बुडालेली मजुरी, हे रुग्णाच्या गाठीचे. २०२१-२२च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी ३९.४ टक्के लोकांनी थेट खिशातून केला. त्यात गेलेला रोज धरलेलाच नाही.

खाजगी धर्मादाय रुग्णालयांचा एक दरवाजा आहे, तो फार थोड्यांना माहीत असतो. उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या आणि २००६ पासून लागू असलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखायच्या असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड सोबत असेल तर ही खाट मागणे हा हक्क आहे. रुग्णाला हे दाखल होण्याआधी कळले तरच त्याचा उपयोग.

खुर्ची भरते कशी

तज्ज्ञ गावात जात नाहीत, याचे खापर सहसा तरुण डॉक्टरांच्या हावेवर फुटते. महाराष्ट्रात सरकारी महाविद्यालयात शिकलेल्यांना एक वर्षाच्या सेवेचे बंधपत्र असते. मोडल्यास एमबीबीएसला १० लाख, पदव्युत्तरला ५० लाख आणि अतिविशेष पदवीला २ कोटींचा दंड. एवढा धाक असूनही खुर्च्या रिकाम्या राहतात, कारण तज्ज्ञ एकटा काम करू शकत नाही. भूलतज्ज्ञ नसेल तर शल्यचिकित्सक फक्त चिठ्ठी लिहितो. रक्तपेढी नसेल तर स्त्रीरोगतज्ज्ञ अवघड बाळंतपण पुढे पाठवते. एकट्या तज्ज्ञाची नेमणूक म्हणजे एका पगारदार पाठवणीखान्याची नेमणूक.

मोठ्या रुग्णालयातही हेच सूत्र लागू आहे. औषध आणि यंत्रखरेदी २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे एकवटली, दिरंगाईच्या तक्रारी वाढल्या आणि २०२३ मध्ये नवे खरेदी प्राधिकरण कायद्याने स्थापावे लागले. २०२२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांमधली संगणकीय नोंदप्रणाली कंत्राटाच्या वादात बंद पडली आणि जुने रिपोर्ट पाहता येईनात. पुन्हा कागदाचे गठ्ठे आले. तज्ज्ञ समोर बसलेला असतो, पण हातात जुना इको नसेल तर तोही पुन्हा तपासणीची तारीखच देतो.

नव्या महाविद्यालयांनी चित्र बदलेल का? चंद्रपूर आणि गोंदियात ती गेल्या दशकात आली. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकदम दहा सुरू झाली, त्यांत गडचिरोली आणि भंडारा आहेत. दहा-पंधरा वर्षांनी याचा फायदा निश्चित दिसेल. पण तेच अध्यापक, तेच भूलतज्ज्ञ आणि तेच परिचारिकांचे मनुष्यबळ जास्त पाट्यांखाली वाटले गेले, तर प्रत्येक ठिकाणी अर्धा संघ आणि पूर्ण इमारत असे होण्याचा धोका आहे.

तज्ज्ञ खाली उतरतो तेव्हा

दुसरा मार्ग विदर्भातच आजमावला गेला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेच्या रुग्णालयात नागपूर-मुंबईचे तज्ज्ञ ठरलेल्या दिवशी येतात. मणक्याच्या शस्त्रक्रियांसाठी मुंबईच्या स्पाइन फाउंडेशनचा चमू तिथे पोहोचतो. शंभर रुग्णांनी नागपूर गाठण्यापेक्षा चार डॉक्टरांनी गडचिरोली गाठणे स्वस्त पडते, आणि तारीख चुकत नाही. याच संस्थेने १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवून दिले की प्रशिक्षित गावकरी स्त्रिया घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेऊ लागल्या, तर नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली येतात. जे काम बालरोगतज्ज्ञाचे समजले जाई त्यातला मोठा भाग गावातच होऊ शकला.

सरकारी व्यवस्थेतही असे घडले आहे. डायलिसिससाठी एकेकाळी आठवड्यातून दोनदा मोठ्या शहराच्या वाऱ्या कराव्या लागत. २०१६च्या राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाने ही यंत्रे जिल्हा रुग्णालयांत नेली. मूत्रपिंडतज्ज्ञ शहरातच राहिला, पण त्याचे रोजचे काम रुग्णाच्या जवळ गेले. ई-संजीवनी या दूरसल्ला सेवेच्या पडद्यावर तालुक्याचा डॉक्टर वरच्या तज्ज्ञाला विचारू शकतो. पडद्यापलीकडच्या तज्ज्ञाला त्याच बैठकीत सुपरची तारीख देण्याचा अधिकार मिळाला, तर त्या सल्ल्याचे मोल दसपट होईल.

घड्याळ कधी सुरू होते

वेल्समधल्या एका खाणगावात डॉक्टरकी करणारे ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ मध्ये एक नियम मांडला होता. ज्यांना आरोग्यसेवेची गरज सर्वाधिक, त्यांनाच ती सर्वांत कमी मिळते, आणि सेवा बाजाराच्या हाती जितकी जास्त, तितके हे प्रमाण जास्त बिघडते. आश्चर्य म्हणजे हे त्यांनी मोफत सरकारी सेवा असलेल्या देशाबद्दल लिहिले होते.

वेल्सशेजारच्या इंग्लंडमध्ये तज्ज्ञांकडच्या उपचारांची प्रतीक्षायादी २०२३ मध्ये सुमारे ७७ लाखांवर गेली. पाठवणीपासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत हा तिथला दंडक २०१६ नंतर पाळला गेलेला नाही. ती यादी दर महिन्याला प्रसिद्ध होते, तिच्यावरून सरकारे अडचणीत येतात, निवडणुकीत तिचा हिशेब मागितला जातो. ७७ लाख हा आकडा ऐकून आपल्याला बरे वाटण्याचे कारण नाही. त्यांची यादी दिसते, कारण तिथले घड्याळ कुटुंबडॉक्टरने पाठवणी केली त्या दिवशी सुरू होते.

आपले घड्याळ केसपेपर फाटला की सुरू होते. मेडिकलची नोंदवही सांगते की रुग्ण किती वाजता आला, किती दिवस राहिला, केव्हा गेला. कुरखेड्याच्या बाईला धाप लागल्यापासून नागपूरच्या कॅथलॅबपर्यंत गेलेले महिने कोणत्याही एका नोंदवहीत नाहीत. ते चार कार्यालयांच्या चार कागदांत विखुरलेले आहेत, आणि कोणत्याही एका अधिकाऱ्याची त्याबद्दल जबाबदारी नाही. जे मोजले जात नाही त्याचा तुटवडा अंदाजपत्रकातही दिसत नाही. मग पैसा जातो तो दिसणाऱ्या गोष्टींवर, इमारतींवर आणि यंत्रांवर.

म्हणून तज्ज्ञ वाढवण्याइतकीच दुसरी मागणी रेटायला हवी. पाठवणीची चिठ्ठी ज्या दिवशी लिहिली त्या दिवसापासून प्रत्येक रुग्णाची प्रतीक्षा मोजा, आजारवार आणि तालुकावार जाहीर करा, आणि खालच्या डॉक्टरला वरची तारीख तिथेच देता येऊ द्या. असे झाले तर हृदयासाठी गडचिरोलीला किती महिने लागतात आणि नागपूरशेजारच्या हिंगण्याला किती, हे विधानसभेत विचारता येईल, न्यायालयात दाखवता येईल. पहिल्या चिठ्ठीवरची तारीख केसपेपरवर उतरवून घ्यायला नवे रुग्णालय लागत नाही आणि नवे पदही लागत नाही. एक रकाना लागतो, आणि तो भरला नाही तर जाब विचारणारा कोणीतरी.